सल्फिटेशनवरचा पीएच सेन्सर: एका गळीत हंगामाच्या वापरानंतर

साखर कारखान्यात सल्फिटेड रसाचा, म्हणजे चुना आणि सल्फर डायऑक्साइड देऊन साफ केलेल्या उसाच्या रसाचा, पीएच सातच्या आसपास राखायचा असतो, आणि काचेचा पीएच इलेक्ट्रोड मेला की तोही बहुतेक वेळा सातच दाखवतो. हा सेन्सर घेणाऱ्याने सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं बसवावं. बल्बला बारीक तडा गेला किंवा केबलच्या जोडात वाफेचं पाणी शिरलं, की मिलिव्होल्ट शून्याकडे ओढले जातात, आणि शून्य मिलिव्होल्ट म्हणजे पीएच 7. पॅनेलवर 12 मिलिअँपिअरची (4 ते 20 च्या सिग्नलमध्ये बरोबर मधली, म्हणजे पीएच 7 ची) सरळ रेष, एकही अलार्म नाही, आणि टाकीत रस 6.4 वर उतरून साखरेचं इन्व्हर्जन, म्हणजे तिचं ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये मोडणं, सुरू झालेलं असतं.

आमच्याकडे हंगामभर वापरला तो कॉम्बिनेशन इलेक्ट्रोड (मोजणारी काच आणि तुलनेचा रेफरन्स एकाच दांडीत) असा: जास्त तापमानाची काच, जेल भरलेला सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड रेफरन्स, डबल जंक्शन (रेफरन्सला रसाशी जोडणारा सच्छिद्र भाग, दुहेरी), आत तापमान मोजणारा पीटी-1000. जागा सल्फायटरच्या (रसात चुना आणि गॅस मिसळणाऱ्या टाकीच्या) ओव्हरफ्लोवरून काढलेल्या बारीक सॅम्पल लाइनवर. रस 70 ते 75 अंश, चुन्याचं दूध आणि सल्फर डायऑक्साइड एकाच वेळी, सेटपॉइंट, म्हणजे राखायचा पीएच, 7.1.

सेन्सर थेट सल्फायटरच्या बुडाशी लावू नका. तिथे चुन्याचे न विरलेले कण काचेवर आदळतात आणि रस पुरता मिसळलेलाही नसतो. ओव्हरफ्लोवर रीडिंग थोडं उशिरा येतं, पण खरं येतं. इलेक्ट्रोड आडवा ठेवायचा नाही. आडव्या रेषेपासून निदान 15 अंश वर उचललेला हवा, नाहीतर बल्बच्या आतला हवेचा बुडबुडा काचेशी येऊन बसतो आणि आकडा उड्या मारतो. बॉल व्हॉल्व्हवाला रिट्रॅक्टेबल होल्डर महाग पडतो, तरी घ्याच. मिल चालू असताना सेन्सर बाहेर काढता आला नाही तर कोणीही तो धूत नाही.

खरी डोकेदुखी थराची. दोन पाळ्या साफ न करता गेल्या की बल्बवर पिठूळ पांढरा थर दिसतो आणि बोटाला खरखरीत लागतो. हा मुख्यतः कॅल्शियम सल्फाइट. सेन्सर अजून आकडा दाखवतच असतो, फक्त सावकाश. स्वच्छ इलेक्ट्रोड पीएच 7 च्या बफरमधून (ठरलेल्या पीएचच्या द्रावणातून) 4 च्या बफरमध्ये अर्ध्या मिनिटात स्थिरावतो. थर बसलेला दोन-तीन मिनिटं घेतो. कंट्रोलरला तेवढा उशीर झेपत नाही. तो चुना जास्त सोडतो, मग गॅस जास्त, आणि पीएच 6.6 ते 7.6 झुलत राहतो. आठच्या वर गेला तर रिड्यूसिंग शुगर (ग्लुकोज, फ्रुक्टोज) मोडून रसाला रंग चढतो, खाली गेला तर इन्व्हर्जन. लोक अशा वेळी चुन्याचा व्हॉल्व्ह उघडून बघतात. आधी इलेक्ट्रोड धुवा.

5 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात एक-दोन मिनिटं बुडवलं की हा थर फसफसून सुटतो. त्या वेळी सल्फर डायऑक्साइड निघतो, म्हणून हे काम बंद खोलीत नको, चष्मा आणि हातमोजे हवेतच. आम्लानंतर कोमट पाण्याने धुऊन 3 मोलार पोटॅशियम क्लोराइडमध्ये पंधरा मिनिटं ठेवावं आणि मगच कॅलिब्रेशन करावं. काच फडक्याने घासू नये, टिश्यूने नुसती टिपावी. उसाचं मेण आणि मिलचं ग्रीस आम्लाने जात नाही. त्याला आधी साबणाचं गरम पाणी. जंक्शनमध्ये प्रथिनं अडकून ते तपकिरी पडलं असेल तर 0.1 मोलार हायड्रोक्लोरिक आम्लातलं पेप्सिनचं द्रावण वापरावं, तासभर.

चार तासांनी एकदा आम्लाचा जेट मारणारी ऑटो क्लीनिंग बसवली की फरक डोळ्यांना दिसतो. ट्रान्समीटरचं (सेन्सरचा आकडा कंट्रोलरला पाठवणाऱ्या यंत्राचं) होल्ड, म्हणजे आकडा तात्पुरता गोठवणं, मात्र धुताना चालू झालंच पाहिजे. नाहीतर कंट्रोलर आम्लाचा पीएच रसाचा समजून चुना ओतत सुटतो.

लॅबशी आकडा जुळत नाही, ही तक्रार सगळीकडे असते आणि ती बहुतेकदा सेन्सरची चूक नसते. तापमानाची भरपाई फक्त काचेचा स्लोप (एका पीएचमागे पडणारे मिलिव्होल्ट) सुधारते: 25 अंशांना 59.16 मिलिव्होल्ट, 75 ला सुमारे 69. रसाचा स्वतःचा पीएच तापला की खरोखरच कमी होतो, त्यावर तिचा काही इलाज नाही. त्यामुळे थंड केलेल्या नमुन्यावरून ऑनलाइन आकडा ढकलू नये. नमुना गरम असतानाच, दोन मिनिटांच्या आत मोजावा. ब्रोमोथायमॉल ब्लूचा थेंब टाकून बघणारा स्टेशनवरचा माणूस हवाच: पिवळा म्हणजे आम्लाकडे, हिरवा म्हणजे सातच्या जवळ, निळा म्हणजे चुना जास्त. ती तपासणी सेन्सर आला म्हणून बंद करू नका.

मेलेलं सात ओळखायचं असेल तर रोज एकदा इलेक्ट्रोड 4.01 च्या बफरमध्ये बुडवा आणि पीएच नाही, मिलिव्होल्ट वाचा. 25 अंशांना साधारण +177 यायला हवेत, 9.18 ला साधारण -129. स्लोप सैद्धांतिक आकड्याच्या 95 टक्क्यांच्या वर असेल तर उत्तम, 88 च्या खाली गेला की बदला. दुसरं, दहा मिनिटं आकडा 0.02 नेही हलला नाही तर अलार्म द्या. चालत्या सल्फायटरमध्ये रस इतका गप्प कधीच नसतो. ट्रान्समीटर काचेचा रोध मोजत असेल तर तडा लगेच कळतो, पण गरम काचेचा रोध मुळातच बराच कमी असतो, म्हणून अलार्मची मर्यादा 25 अंशांची धरू नका.

मेमोसेन्ससारखी इंडक्टिव (धातूचा धातूला स्पर्श नसलेली) जोडणी घेतली तर ओल्या कनेक्टरचा प्रश्नच उरत नाही, आणि इलेक्ट्रोड लॅबमध्ये कॅलिब्रेट करून आणता येतो. पत्र्याखाली वाफ कोंडणाऱ्या जागेत जास्तीचे पैसे इथेच घालावेत.

75 अंशांवर काच लवकर म्हातारी होते, तेव्हा एका इलेक्ट्रोडवर पूर्ण हंगाम निघेल असं धरू नका. चालू एक, धुऊन तयार एक, पेटीत नवा एक. गळीत संपलं की टोपीत पोटॅशियम क्लोराइड भरून इलेक्ट्रोड उभा ठेवा, डिस्टिल्ड पाण्यात कधीच नाही. नवा मागवताना खोक्यावरची उत्पादनाची तारीख पाहून घ्या, कारण जेल कपाटात पडूनही सुकतं.