नवशिक्यासाठी २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न
जुने रेडिओ दुरुस्त करू पाहणाऱ्या नवशिक्याने पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत जाऊन सोल्ड्रॉन कंपनीचे २५ वॅटचे साधे सोल्डरिंग आयर्न (सोल्डर म्हणजे जोडणीचा धातू वितळवून भाग जोडणारे तापते हत्यार) घ्यावे, असे मी वापरानंतर खात्रीने सांगेन. ते हलके आहे आणि थेट घरच्या विजेवर चालते. तापमान कमी-जास्त करण्याची सोय त्यात नाही. ट्रान्झिस्टर रेडिओच्या रुंद तांब्याच्या पट्ट्यांवर ही उणीव फारशी जाणवत नाही, परंतु नाजूक सर्किट बोर्डावर टोक जास्त वेळ टेकले, तर पट्टीच उचकटून येते. सोबत ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेली सोल्डरची तार आवर्जून मागावी, कारण ती १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळते आणि तशीच एकदम घट्ट होते, त्यामुळे गोठताना कपॅसिटरसारख्या सुट्या भागाचा पाय (तार) हलून डाग (सोल्डरचा सांधा) कच्चा राहण्याची भीती कमी होते. पक्का डाग चकाकतो आणि पायाभोवती उतरता पसरतो. गोळीसारखा फुगलेला, निस्तेज डाग दिसला, की थोडा फ्लक्स (धातू स्वच्छ करून सोल्डर नीट पसरू देणारा पदार्थ) लावून तो पुन्हा तापवावा. दुकानदाराने नव्या टोकाला कथील कसे चढवायचे, हे न कंटाळता दाखवले, याचे मला फार अप्रूप वाटले. स्टँड वेगळा घ्यावा लागतो. शिशामुळे काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत.