साप्ताहिक सभेसाठी जागा: थाळीवाल्याचा हॉल, संस्थेचं सभागृह की सोसायटीचं क्लबहाऊस?

रोटरी किंवा लायन्ससारख्या क्लबला पुण्यात सभेसाठी जागा बघायची असली की पहिली चौकशी भाड्याची होते, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. या हिशेबात भाडं हा सगळ्यात छोटा आकडा. पैसे जातात ताटांवर आणि डोकं जातं वेळेवर. साडेसातला घंटा वाजवून सुरू झालेली सभा साडेआठला संपायला हवी. ती संपते की नाही, हे अध्यक्षांपेक्षा हॉटेलच्या भटारखान्यावर जास्त अवलंबून असतं. चाळीस-पन्नास सभासदांच्या क्लबला परवडणाऱ्या तीन तऱ्हेच्या जागांचं हे परीक्षण आहे. हॉटेलांची नावं मुद्दाम घातलेली नाहीत. मॅनेजर बदलला की तोच हॉल सहा महिन्यांत ओळखू येत नाही, मग नाव वाचून करणार काय?

थाळीवाल्याचा हॉल

डेक्कन, कर्वे रोड, टिळक रोड, सिंहगड रोड, सगळीकडे हा नमुना सापडतो. खाली थाळीची पंगत, वर पहिल्या मजल्यावर पन्नास-साठ खुर्च्यांचा एसी हॉल. मॅनेजरचं वाक्य ठरलेलं: "हॉल फुकट आहे साहेब, फक्त पस्तीस ताटांची गॅरंटी द्या."

फुकट काहीच नाही. समजा ताट ४०० रुपयांचं आहे, गॅरंटी पस्तीसची आहे आणि आले सत्तावीस. आठ ताटांचे ३,२०० रुपये, त्यावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे ३,३६० रुपये न जेवता गेले. असे चार आठवडे गेले तर १३,४४०. एवढ्यात एखाद्या शाळेच्या वाचनालयाला बरी पुस्तकं येतात. म्हणून घासाघीस ताटाच्या दरावर न करता गॅरंटीच्या आकड्यावर करावी. दर दहा रुपयांनी उतरवून फार हाती लागत नाही, गॅरंटी पाचाने उतरवली तर दर आठवड्याला हाती लागतं. मागायचं ते असं: गेल्या तीन महिन्यांतल्या सरासरी हजेरीच्या ऐंशी टक्के गॅरंटी, त्यावर प्रत्यक्ष ताटांप्रमाणे बिल, आणि अंतिम आकडा सभेच्या दिवशी दुपारी एकपर्यंत कळवायची मुभा. एकनंतर भाजी चिरून झालेली असते, तिथून पुढे हॉटेलवाल्याचंही चूक नाही.

आकडा काढायला व्हॉट्सॲपवरची मतचाचणी वापरतात. ती अर्धीच कामाची. 'येणार' म्हणणाऱ्यांतले दोन-चार हमखास गळतात आणि उत्तरच न देणारे काही जण थेट जेवायला उगवतात. हे दोन गट एकमेकांना बऱ्यापैकी भरून काढतात, त्यामुळे 'येणार'चा आकडा जसाच्या तसा कळवला तरी चालतं. वर 'असू देत' म्हणून पाच ताटं वाढवायची सवय मात्र मोडावी. चाचणीत पर्याय दोन नकोत, चार हवेत: जेवणार, उपवास, जैन, नाही. सभा गुरुवारी असेल तर दत्ताचे उपवासवाले निघतातच, आणि सभेच्या वारी संकष्टी किंवा एकादशी आली की साबुदाण्याची खिचडी आणि भगर न सांगितलेल्या हॉटेलात आठ-दहा माणसं दह्याची वाटी घेऊन बसलेली दिसतात. बिल मात्र पूर्ण ताटाचं.

बुफे असेल तर मोजणी ताटांवर ठेवू नका. दुसऱ्यांदा वाढून घेताना माणूस नवं ताट उचलतो, शेवटी रचलेली ताटं मोजली की सत्तावीस माणसांची बत्तीस ताटं होतात आणि वाद सुरू. दारात नोंदवहीत सही झाली की कूपन द्यायचं आणि बिल कूपनांवर. हजेरीही आपोआप चोख राहते.

जेवण आधी की नंतर, यावर क्लबांमध्ये वर्षानुवर्षं खल चालतो. नंतर ठेवलं तर वक्ता बोलत असतानाच मागच्या भिंतीशी बुफेची झाकणं वाजू लागतात, कारण पोरांना साडेआठला सगळं मांडून तयार ठेवायचं असतं. फोडणीचा वास आला की प्रश्नोत्तरं आटोपतात. आधी ठेवलं तर एकाच बाजूने वाढून घ्यायच्या टेबलावर चाळीस माणसांना वीस मिनिटं लागतात, आणि पावणेआठला आलेला सभासद आधी रांगेत शिरतो, मग सभेत. टेबल भिंतीपासून ओढून दोन्ही बाजूंनी वाढून घेता येईल असं लावलं तर हा वेळ जवळजवळ निम्मा होतो. एवढी साधी गोष्ट, पण दर वेळी सांगावी लागते. जेवण नंतरच हवं असेल तर भांडी सव्वासातच्या आत मांडून व्हावीत किंवा बाहेरच्या पॅसेजमध्ये लागावीत, हे लेखी ठरवावं. आणखी एक अडचण शेवटाकडे येते. सभा पावणेनऊपर्यंत लांबली की खालच्या पंगतीची गर्दी ऐन भरात येते, वर गरम फुलके येणं बंद होतं आणि वाढपी दोनाचा एक होतो.

सगळ्यात शहाणा उपाय म्हणजे सात वाजता चहा आणि एक नाश्ता, बटाटेवडा किंवा साबुदाणा वडा, आणि पूर्ण जेवण महिन्यातून एकदाच. थाळीवाले याला सहज तयार होत नाहीत. थोडं हॉलभाडं देऊ केलं की होतात. ते भाडं गॅरंटीपेक्षा स्वस्त पडतं.

आता आवाज. या हॉलांमध्ये मधे सरकती भिंत असते. पलीकडे बारसं किंवा वाढदिवस असला तर बोलणं अडतं, पण गाण्याचा ठोका अडत नाही. त्यामुळे जागा बघायला भर दुपारी जाऊ नये. ज्या वारी सभा घेणार त्याच वारी, संध्याकाळी साडेसातला जावं. माईक शिट्टी मारतो तो बहुतेक वेळा माईकच्या दोषाने नाही, तर स्पीकर पोडियमच्या मागे भिंतीवर लावलेले असल्याने. वक्ता स्पीकरच्या तोंडासमोर उभा राहतो. पोडियम दीड-दोन मीटर बाजूला घेतला की प्रश्न मिटतो, फक्त वायर तेवढी लांब हवी. कॉर्डलेस माईक ऐन भाषणात बंद पडला तर नव्वद टक्के वेळा सेल गेलेले असतात. सार्जंट-ॲट-आर्म्सच्या, म्हणजे सभेची व्यवस्था बघणाऱ्या पदाधिकाऱ्याच्या पिशवीत चार पेन्सिल सेल असावेत, हॉटेलच्या भरवशावर राहू नये.

प्रोजेक्टर असतो, एचडीएमआय वायरही असते, पण वक्त्याच्या लॅपटॉपला फक्त टाइप-सी असतो आणि मधला कनेक्टर कोणाकडेच नसतो. दुसरा खास मराठी घोटाळा फाँटचा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये केलेलं सादरीकरण हॉटेलच्या संगणकावर उघडलं की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. वक्त्याला निमंत्रणातच कळवावं: फाइल पीडीएफ करून आदल्या दिवशी पाठवा.

एक बारीक चौकशी फारसं कोणी करत नाही: कुलपाचं कपाट मिळेल का? घंटा, हातोडी, बॅनर, पिनांचा डबा आणि नोंदवही ही क्लबची चीजवस्तू कुणाच्या तरी डिकीत फिरत असते. तो माणूस गावाला गेला की अध्यक्ष ग्लासवर चमचा वाजवून सभा सुरू करतात. कपाट देणाऱ्या हॉटेलला पन्नास रुपये जास्त दर दिला तरी हरकत नाही.

बिलाबद्दल थोडं. साध्या रेस्टॉरंटच्या जेवणावर पाच टक्के जीएसटी, तारांकित हॉटेलात तो अठरा असू शकतो, आणि नुसत्या हॉलभाड्यावर अठरा; म्हणून दर विचारताना 'सगळं धरून किती' असंच विचारावं. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या सूचना तसं सांगतात आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या. तो काढून घ्यावा आणि वाढणाऱ्या पोरांना दिवाळीला क्लबतर्फे पाकीट द्यावं. पुढचं वर्ष सुखात जातं. बिल क्लबच्या नावाने आणि चालू खर्चाच्या खात्यातूनच. देणगीदारांचे पैसे ज्या ट्रस्टच्या किंवा प्रकल्पाच्या खात्यात येतात तिथून एक ताटही भरू नये, नाहीतर हिशेब तपासनीसांचं पत्र येतं आणि ते योग्यच असतं.

वार आणि रस्ता

जागेइतकाच वार महत्त्वाचा. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, म्हणून उद्योजक सभासद गुरुवार मागतात. पण महावितरणची आणि महापालिकेच्या पाणीपुरवठ्याची देखभालीची कामंही पुण्यात गुरुवारीच निघतात. हॉटेलला जनरेटर आहे का, आणि त्यावर लिफ्ट चालते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही' असेल तर गुडघ्यांनी थकलेले ज्येष्ठ सभासद खालूनच परततात.

सम-विषम पार्किंगच्या रस्त्यावर हॉल असेल तर दर आठवड्याला बाजू बदलते, कारण तारखेत सातची भर पडते. फक्त ३१ दिवसांचा महिना (किंवा लीप वर्षातला २९ दिवसांचा फेब्रुवारी) ओलांडताना लागोपाठ दोन सभांना तीच बाजू राहते, आणि नेमक्या त्याच दिवशी सवयीने पलीकडे लावलेली गाडी उचलली जाते. सचिवांनी सभेच्या संदेशातच 'आज पार्किंग विषम बाजूला' असं लिहावं.

लक्ष्मी रोड, टिळक रोड, डेक्कनकडच्या जागा पालखीच्या मुक्कामात आणि गणपतीच्या दहा दिवसांत संध्याकाळी निरुपयोगी असतात. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, म्हणजे पदग्रहणाची धांदल आणि पालख्या अनेकदा मागेपुढेच येतात. या आठवड्यांना गॅरंटी लागू नाही, हे कलम करारात हवं.

संस्थेचं सभागृह

टिळक रोडवर साहित्य परिषदेचं माधवराव पटवर्धन सभागृह, नवी पेठेत पत्रकार भवन आणि एस. एम. जोशी सभागृह, ही पुण्याची व्याख्यानाची हक्काची ठिकाणं. मोठ्या वक्त्याच्या जाहीर कार्यक्रमाला किंवा व्यवसाय गुणवत्ता पुरस्काराला अशी जागा हॉटेलपेक्षा शतपटीने बरी: बोललेलं ऐकू येतं आणि लोक ऐकायलाच येतात. दर आठवड्याच्या सभेला मात्र ती सोयीची नाही. प्रकाशनं आणि सत्कारांच्या गर्दीत वर्षभराचा एकच वार कुठलंही सभागृह सहसा अडकवून ठेवत नाही. शिवाय रांगेतल्या खुर्च्यांवर सभासद एकमेकांच्या पाठी बघत बसतात. गोल टेबलाभोवती जी ओळखपाळख होते ती इथे होत नाही, आणि अर्धे सभासद क्लबात त्याचसाठी येतात. खाणं आत चालतं का, अनामत किती आणि किती वाजता दिवे बंद होतात, एवढं विचारून घ्यावं. शेवटच्याबाबत हुज्जत घालू नये.

सोसायटीचं क्लबहाऊस

बाणेर, बालेवाडी, खराडीकडच्या नव्या क्लबांना हे सगळ्यात स्वस्त. एखादा सभासद तिथला रहिवासी असला की काम होतं. पण खाली टाइल्स, समोर काच, वर उघडं छत, त्यामुळे शब्द घुमतो. माईकचा आवाज वाढवला की आणखी घुमतो. वाढवण्यापेक्षा खुर्च्या पुढे घ्याव्यात. फाटकावर मायगेट या ॲपवर पाहुण्यांची नोंद होते, चाळीस पाहुण्यांची नोंद तिथे उभं राहून करायची तर सभेची पहिली पंधरा मिनिटं जातात. यजमान सभासदाने दुपारीच सर्वांना आगाऊ मंजुरी देऊन ठेवावी. खरी अडचण पुढे येते: सोसायटीची कमिटी बदलते, कुणीतरी 'बाहेरचे लोक' असा विषय वार्षिक सभेत काढतो आणि क्लब रस्त्यावर येतो. यजमान सभासदाचा शेजाऱ्यांशी उभा दावा होतो तो वेगळाच.

मग घ्यावं काय?

रोटरीचे नियम ठरवणाऱ्या जागतिक परिषदेच्या (कौन्सिल ऑन लेजिस्लेशन) २०१६ च्या बैठकीनंतर रोटरी क्लबने महिन्यातून किमान दोनदा भेटलं तरी पुरतं, आणि सभा ऑनलाइनही घेता येते. तरीही पुण्यातले क्लब चारही आठवडे हॉटेलात घालवतात आणि मग वर्गणी वाढवायचा ठराव आणतात. दोन सभा थाळीवाल्याकडे (एक जेवणाची, एक चहाची), एक ऑनलाइन आणि एक प्रत्यक्ष प्रकल्पावर, शाळेत किंवा दवाखान्यात, अशी विभागणी केली तर ताटांचा खर्च पाव होतो. जाहीर व्याख्यानाला वर्षातून दोनदा संस्थेचं सभागृह. क्लबहाऊस फक्त संचालक मंडळाच्या बैठकीला. दहा माणसांत ते घुमत नाही.

थाळीवाल्याशी करार १ जुलै ते ३० जून असा, जूनच्या मध्यापर्यंत, मावळत्या आणि येणाऱ्या दोन्ही सचिवांच्या सहीने करावा. त्यात दोन सभा वेगळ्या लिहाव्यात. प्रांतपालांच्या (रोटरीचे डिस्ट्रिक्ट गव्हर्नर) अधिकृत भेटीला कुटुंबं येतात, तेव्हा ताटं दुप्पट लागतात. आणि डिसेंबरअखेरच्या आत होणाऱ्या निवडणुकीच्या सभेला एक तृतीयांश गणसंख्या लागते. त्या दिवशी जेवण ठेवावंच, आणि नंतर ठेवावं.