आठ महिने वर्गात चाललेला प्रोजेक्टर

पहिला प्रोजेक्टर आम्ही ऑनलाइन मागवला होता, साडेनऊ हजारांचा. खोक्यावर ‘9000 ल्यूमेन, फुल एचडी’ असं ठळक छापलेलं (ल्यूमेन म्हणजे उजेडाचं माप, फुल एचडी म्हणजे 1920 × 1080 ठिपक्यांचं चित्र). लोकवर्गणीचे पैसे, म्हणून हात राखून खर्च केला आणि तिथेच फसलो. सातवीला पाठ्यपुस्तकाची पीडीएफ लावली, तर शेवटच्या बाकावरच्या मुलीने ‘अंक’ हा शब्द ‘अक’ असा वाचला. मी मागे जाऊन उभा राहिलो. अनुस्वार खरंच दिसत नव्हता.

चित्र तयार करणारं आतलं पॅनेल 854 × 480 ठिपक्यांचंच निघालं. ‘फुल एचडी सपोर्ट’ म्हणजे तो सिग्नल स्वीकारतो, एवढंच. तसंच ल्यूमेनच्या आकड्याला ‘अँसी’ किंवा ‘आयएसओ’ या उजेड मोजायच्या प्रमाणित पद्धतींची जोड नसेल, तर त्यावर विसंबू नका.

पुन्हा वर्गणी मागायला जीभ रेटत नव्हती, पण गावकऱ्यांना तो वर्ग दाखवला आणि त्यांना पटलं. जूनमध्ये 38 हजारांत नवा घेतला: 3एलसीडी (लाल, हिरव्या, निळ्या रंगांसाठी तीन वेगळी पॅनेल), 3300 ल्यूमेन, 1024 × 768. एक्सजीए, म्हणजे हे 1024 × 768, जुनं झालं म्हणतात, सिनेमासाठी असेलही. आमचं काम पुस्तकाचं पान आणि आकृत्यांचं. खिडक्या उघड्या असतानाही आता वेलांट्या, रफार स्वच्छ दिसतात, आणि मुलांना वहीत लिहिता येतं. अंधार करून शिकवायचं म्हणजे वहीच मिटायची.

हौसेने आधी 100 इंची चित्र लावलं होतं. ते 80 वर आणलं, तर तोच उजेड कमी जागेत पडून चित्र जवळपास दीडपट उजळ झालं. प्रोजेक्टर तिरका ठेवून कीस्टोनने (वाकडं चित्र चौकोनी करणाऱ्या सोयीने) चित्र सरळ करू नका, अक्षरं भुरकट होतात. आम्ही सुताराकडून भिंतीसमोर नेमकी फळी ठोकून घेतली.

खडूची धूळ मात्र फार. ऑगस्टमध्ये तापून दोनदा आपोआप बंद पडला. फिल्टर काढला तर पांढरा थर बसलेला. तेव्हापासून दर दुसऱ्या शनिवारी मुलं मऊ ब्रशने तो साफ करतात. वीज गेली की आतला पंखाही थांबतो आणि दिवा गरमच राहतो, म्हणून इन्व्हर्टरची जोडणी दिली. दिव्याचे साडेतीनशे तास झालेत, इको मोडवर, म्हणजे कमी उजेडावर.

दुपारी तीननंतर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट भिंतीवर येतं. तेवढ्या एका खिडकीला जाड पडदा शिवायला टाकलाय.