जुना ट्रक घेताय? आधी पंप बघा: इनलाइन की रोटरी

चिरे, वाळू, आंबा किंवा मासळीच्या वाहतुकीसाठी जुनी गाडी शोधणारा माणूस मॉडेल विचारतो, टायर बघतो, पासिंग कधीपर्यंत आहे ते विचारतो. डिझेल पंप (इंजिनाच्या सिलिंडरना दाबाने डिझेल पुरवणारा) कुठल्या जातीचा, हे फार थोडे विचारतात. कॉमन रेलच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या डिझेल पद्धतीच्या) आधीच्या गाड्यांत कोकणापुरता तरी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच. टाटाचं ६९७ घ्या (६ सिलिंडर, ९७ मिमी बोअर, ५,६७५ सीसी) किंवा कमिन्सचं ५.९ लिटरचं ६बीटी. ऑइल वेळेवर बदललं तर दोन्हींचे पिस्टन आणि क्रँक वर्षानुवर्षं कुरकुरत नाहीत. पंपाला मात्र पाणी सोसत नाही, आणि आपल्याकडे पाणी टाकीत शिरायला वाटा शोधतच असतं.

पंप ओळखायला मेस्त्री लागत नाही. इनलाइन पंप लांबट असतो आणि त्याच्या डोक्यावर जितके सिलिंडर तितके पाइप एका रांगेत उभे असतात. रोटरी पंप आखूड, मुठीसारखा. त्याचे पाइप मागच्या तोंडातून गोलाकार निघतात. इंजिनाच्या नावावरून अंदाज बांधू नका, एकाच इंजिनावर दोन्ही येऊ शकतात. अमेरिकेत डॉजच्या पिकअपवर हेच ६बीटी १९८९ ते १९९३ रोटरी पंपाने चाललं आणि १९९४ पासून इनलाइनने. आपल्याकडे तर मधल्या काळात कुणी पंप बदलून बसवला असेल तेही सांगता येत नाही. केबिन उचला आणि डोळ्यांनी बघा.

दोघांतला खरा फरक वंगणाचा आहे. इनलाइन पंपाचा कॅमशाफ्ट ऑइलमध्ये फिरतो; काहींना इंजिनातून ऑइल येतं, काहींचं वेगळं भरावं लागतं. शिवाय प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र एलिमेंट (डिझेल दाबणारा प्लंजर आणि त्याचं घर) आणि स्वतंत्र डिलिव्हरी व्हॉल्व्ह. रोटरीत एकच प्लंजर फिरता फिरता पुढे-मागे होतो आणि सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटतो. त्याचं वंगण म्हणजे ते डिझेलच. प्लंजर आणि त्याच्या घरातली फट दोन-चार मायक्रॉनची. तिथे डिझेलऐवजी पाणी गेलं, किंवा कुणी रॉकेल मारलेलं डिझेल गेलं, की धातूवर धातू घासतो. इनलाइनचं एक एलिमेंट गेलं तर एक सिलिंडर मिस मारतो आणि गाडी खोकत का होईना घरी येते. रोटरीचा हेड-रोटर (म्हणजे तोच एकुलता प्लंजर आणि त्याचं घर) ओरखडला तर सगळेच सिलिंडर उपाशी, आणि तो जोडीनेच बदलावा लागतो.

डिझेल संपून गाडी बंद पडली तरी हाच फरक दिसतो. दोन्हीकडे हवा धरते, पण इनलाइनचं तेवढ्याने बिघडत नाही. रोटरी कोरडा फिरवत राहिलात तर तो स्वतःलाच खातो. ‘घाट उतरल्यावर भरू’ हा हिशेब रोटरीवाल्याने करू नये.

दुरुस्तीच्या सोयीतही इनलाइनचं पारडं जड. त्याचं टायमिंग जुना मेस्त्री एक नंबरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून, त्या जागी वाकडी नळी लावून, थेंब कुठे थांबतो ते बघून जुळवतो. रोटरीला मागच्या प्लगमध्ये डायल गेज लावून प्लंजरची उचल मिलिमीटरमध्ये मोजावी लागते. ते गेज आणि त्याचा अडॅप्टर प्रत्येक गॅरेजात नसतो, मग टायमिंग आवाजावर लावलं जातं आणि गाडी पांढरा धूर सोडत फिरते. कॅलिब्रेशन (डिझेलचं माप जुळवणं) मात्र दोघांनाही टेस्ट बेंचवरच. पंप उतरवून मोठ्या गावी पाठवायचा, हे कुणालाही चुकत नाही.

रोटरीची बाजूही खरी आहे. तो हलका, त्यात भाग कमी, अ‍ॅक्सिलरेटरला पटकन प्रतिसाद देतो आणि वेगाप्रमाणे टायमिंग पुढे घेण्याची सोय त्याच्या पोटातच असते. बारा महिने रोज चालणाऱ्या, एकाच भरवशाच्या पेट्रोल पंपावर डिझेल भरणाऱ्या गाडीला तो त्रास देत नाही. मिरकरवाड्याहून रोज मासळी उचलणारी छोटी गाडी असेल तर रोटरी चालेल. (मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै असते. त्या ६१ दिवसांत गाडी काय करणार, ते आधी ठरवा.) चिरेखाणीवरची गाडी पावसाचे चार महिने आंब्याखाली उभी राहणार असेल, तर मी रोटरीला हात लावणार नाही.

खारी हवा रोटरीला आणखी एका जागी पकडते. त्याला बंद करणारा सोलेनॉइड (डिझेलची विजेवरची झडप) वीज मिळेपर्यंतच डिझेल सोडतो. टर्मिनलवर हिरवट गंज चढला की वीज पोचत नाही आणि स्टार्टर कितीही मारा, गाडी सुरू होत नाही. अशा वेळी आधी चावी फिरवून सोलेनॉइडचा ‘टक’ आवाज येतो का ऐका. आवाज नसेल तर वायर काढून टर्मिनल घासा आणि ग्रीस लावा. जुन्या इनलाइनला बहुतेक साधी ओढायची केबल असते. ती गंजली तर गाडी बंद होत नाही, हा उलटा त्रास.

इनलाइन निर्धोक आहे असं मात्र समजू नका. पावसाळाभर उभ्या गाडीत त्याचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी सरकती दांडी) किंवा प्लंजर गंजून अडकतो. रॅक ‘फुल’ला अडकला असेल तर इंजिन सुरू होताच सुसाट सुटतं आणि केबल ओढून थांबत नाही, कारण केबलही तोच रॅक ओढत असते. म्हणून गणपतीनंतर पहिला स्टार्टर मारण्याआधी रॅक मोकळा सरकतो का ते बघायचंच. पंपाच्या बाजूचं झाकण काढून आत गंज किंवा पाणी आहे का तेही बघा. एअर क्लीनरच्या तोंडाशी माणूस फळी घेऊन उभा करा. इंजिन सुटलंच तर फळी दाबून हवा बंद करायची, हात किंवा फडकं नाही.

दुसरं दुखणं कळायला वेळ लागतो. एलिमेंट झिजलं की डिझेल खाली गळतं, आणि पंपाला इंजिनाचं ऑइल येत असेल तर त्यात मिसळतं. पट्टीवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल आणि त्याला डिझेलचा वास असेल, तर ती गाडी तशी चालवू नका. पातळ ऑइलने बेअरिंग जातात, आणि मग पंपाचं काम इंजिनाच्या कामात बदलतं.

घ्यायला जाल तेव्हा गाडी थंड असताना जा, आणि मालकाला आधी सुरू करू नको म्हणून सांगून ठेवा. बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटातला थोडा पांढरा धूर चालतो. तापल्यावरही राहिला तर नोझल, टायमिंग किंवा कॉम्प्रेशन. निळा म्हणजे ऑइल जळतंय. भाराखाली काळा धूर असेल तर एअर फिल्टर बघा, आणि पंपाच्या स्क्रूचं तारेचं सील शाबूत आहे का तेही. करूळ किंवा आंबा घाट भरल्या गाडीने चढावा म्हणून पंप ‘खोलून’ (डिझेलचं माप वाढवून) ठेवलेल्या गाड्या खूप मिळतात. चढतात, पण नोझल आणि पिस्टनचं आयुष्य खाऊन.

रोटरीची खास परीक्षा गरम झाल्यावर. अर्धा तास चालवा, बंद करा, दहा मिनिटांनी पुन्हा स्टार्टर मारा. गरम डिझेल पातळ असतं. हेड-रोटर झिजला असेल तर ते फटीतून निसटतं आणि गाडी उठत नाही. पंपावर ओलं फडकं ठेवून तो निवल्यावर लगेच उठली, तर निदान पक्कं. सौदा तिथेच थांबवा किंवा पंपाचा पूर्ण खर्च किमतीतून काढा. अ‍ॅक्सिलरेटरच्या शाफ्टपाशी ओल दिसली तर ओ-रिंग कडक झाली आहे. ते काम तुलनेने छोटं. बदलताना विटॉनची मागा, जुन्या रबरापेक्षा आजच्या डिझेलमध्ये ती जास्त टिकते. आणि रोटरी कुणी खोलला असेल तर परतीच्या पाइपचा ‘OUT’ लिहिलेला बोल्ट त्याच जागी आहे का बघा. त्यात बारीक भोक असतं. तो चुकून आत येणाऱ्या पाइपला लागला की गाडी दम धरत नाही, आणि मेस्त्री आठवडाभर नोझल बदलत बसतो.

गाडी कुठलीही घ्या, टाकीची शिस्त एकच. पावसात उभी ठेवायची असेल तर टाकी काठोकाठ भरा. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्री दव धरतं आणि पाणी तळाला बसतं. त्या पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर काळी बुळबुळीत घाण वाढते, तीच पुढे फिल्टर चोंदवते. चालत्या गाडीच्या वॉटर सेपरेटरमध्ये (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा भाग) साठलेलं पाणी जून ते सप्टेंबर दर दोन दिवसांनी, रोटरीचं रोज सकाळी स्टार्टरआधी सोडा. फिल्टर किलोमीटर भरले नसले तरी पावसाळा संपताच बदला. टाकीच्या तळाचा प्लग वर्षातून एकदा उघडून लिटरभर डिझेल काचेच्या बरणीत काढा आणि तासभर ठेवा, पाणी खाली दिसतं. उभी गाडी आठवड्यातून एकदा सुरू करायची तर वीस-तीस मिनिटं, इंजिन पूर्ण तापेपर्यंत. दोन मिनिटं चालवून बंद केली तर ऑइलमध्येच पाणी धरतं.

फिल्टर बदलल्यावर हवा काढायची पद्धत ड्रायव्हरला आलीच पाहिजे. फिल्टरवरचा बोल्ट सैल करा, हॅण्ड पंप मारत राहा, बुडबुडे थांबले की मारता मारताच बोल्ट आवळा. इनलाइनवर मग हेच पंपाच्या बोल्टवर करा. रोटरीवर चावी चालू ठेवून नोझलचे नट एक-एक फेरा सैल करा आणि स्टार्टर दहा-दहा सेकंद मारा, मध्ये मिनिटभर थांबून. डिझेल आलं त्या क्रमाने नट आवळत जा. फवाऱ्यासमोर बोट धरू नका, त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत जातं.