रात्रीची बाटली की पेला? वर्षाच्या बाळासाठी काय निवडावं

बाळ वर्षाचं झालं, वरचे पटाशीचे दात दिसू लागले, की घरात प्रश्न निघतो: निजताना दुधाची बाटली चालू ठेवायची की पेल्याची सवय लावायची? माझा कौल पेल्याला आहे.

बाटलीची सोय खरीच. म्हापशाहून पणजीला रोज नोकरीला जाणाऱ्या आईला रात्रीची झोप हवी असते आणि बाटली तोंडात दिली की बाळ लगेच निजतं. पण झोपेत लाळ कमी सुटते आणि दातांवरचं आम्ल धुऊन काढणारी तीच असते. साखर घातलेलं दूध वरच्या दातांभोवती साचून राहतं, तोंडातले जंतू त्या साखरेचं आम्ल करतात. दुधाच्या दातांचं आवरण पक्क्या दातांपेक्षा पातळ, त्यामुळे कीड झपाट्याने आत शिरते. खालचे पुढचे दात जिभेआड असल्याने बरेचदा वाचतात, म्हणून फसगत होते. बाळाचा वरचा ओठ उचलून बघत जा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची सुरुवात असू शकते. याच टप्प्यावर ती थांबवता येते.

पेल्याने सुरुवातीला दूध सांडतं, रडारड होते. बाटली एकदम सुटत नसेल तर रात्री तिच्यात फक्त साधं पाणी द्या. दीड वर्षापर्यंत ती सुटलेली बरी.

अंगावरच्या दुधाला या हिशेबात धरू नका. जागतिक आरोग्य संघटना ते दोन वर्षं आणि पुढेही पाजायला सांगते, दातांच्या भीतीने तोडू नये. वर्षानंतर रात्रभर सारखं चोखत राहणं तेवढं हळूहळू कमी करावं.

दिवसा काय द्यायचं? गूळ घातलेलं तिझण, म्हणजे नाचणीची गोड खीर, आजीला पौष्टिक वाटतं, नाचणी पौष्टिक आहेही. पण दातांना गूळ आणि साखर सारखीच. दोन वर्षांपर्यंत नाचणीची बिनगोड पेज उत्तम. त्यानंतर जेवणासोबत वाटीभर तिझण परवडलं. दिवसभर हातात बिस्कीट नको. कारण दर गोड घासानंतर अर्धा तासभर दातांवर आम्ल राहतं, आणि थोडं-थोडं खात राहिलं की ते उतरतच नाही.

पहिला दात आल्यापासून तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावून दोनदा घासावं, निजण्यापूर्वी नक्की. पहिल्या वाढदिवसापर्यंत दंतवैद्याला एकदा दाखवावं. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे.