काढून टाकलेला थर्मोस्टॅट परत बसवला, त्याला आठ महिने झाले

आमच्या गाडीत थर्मोस्टॅटच नाही, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्वच नाही, हे कळायला मला तीन वर्षं लागली. आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी तो काढून टाकला होता आणि वरचं झाकण परत घट्ट आवळून ठेवलं होतं. गाडी सेकंडहँड, २०१४ची पेट्रोल हॅचबॅक. मी फोंड्याजवळ कवळ्याला राहतो, नोकरी पणजीत पाटोला, म्हणजे रोजचे साठ-पासष्ट किलोमीटर ठरलेले. ॲव्हरेज साडेतेराच्या वर कधी गेलं नाही. जुन्या गाडीकडून आणखी काय अपेक्षा करणार, असं सगळेच म्हणायचे, आणि मीही तेच धरून बसलो होतो.

शंका आली ती निळ्या दिव्यामुळे. ह्या गाडीला टेंपरेचरची सुई नाही. इंजिन गार असलं की निळा दिवा, तापलं की विझतो, फारच तापलं तर लाल. डिसेंबर २०२३मध्ये बेळगावहून पहाटे परतताना चोर्ला घाट उतरायला लागलो आणि केव्हाच विझलेला निळा दिवा परत पेटला. तासभर पळालेलं इंजिन उतारावर गार पडतंय? बायको म्हणाली, बाहेर थंडी आहे म्हणून असेल. तेव्हा मलाही ते पटलं होतं.

कॅनडात एडमंटनला राहणाऱ्या आतेभावाला फोनवर सांगितलं तर तो हसत सुटला. त्याच्याकडे उणे पंचवीस-तीसमध्ये रात्री गाडीची वायर भिंतीतल्या प्लगला लावतात. इंजिनात बसवलेला ब्लॉक हीटर असतो, त्याला टायमर लावून निघायच्या दोनेक तास आधी चालू करायचा. म्हणजे सकाळी इंजिन कोमट मिळतं आणि सुरुवातीच्या किलोमीटरना पेट्रोल कमी जातं. "तुला हीटर कशाला? रेडिएटरपुढे पुठ्ठा लाव," म्हणाला. तिकडे तोही प्रकार चालतो.

लावला. फेणीच्या बाटल्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून जाळीमागे खोचला. सकाळी काम फत्ते! एरवी मार्दोळ ओलांडल्यावर जाणारा निळा दिवा फर्मागुडीच्या चढावरच गेला. संध्याकाळी मात्र जुन्या गोव्याजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलो, एसीतून गरम वारा यायला लागला आणि पंखा असा घोंघावू लागला की शेजारचा स्कूटरवाला वाकून बघायला लागला. आपल्या गाड्यांत रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो. पुठ्ठा आधी त्याचाच श्वास कोंडतो. रस्त्याच्या कडेला थांबून तो ओढून काढला. गोव्यात हा उपाय कुणी करू नये. तिकडची हवा इंजिन तापूच देत नाही म्हणून तिथे तो चालतो.

मग उन्हाळा आला, विषय मागे पडला. चवथ झाल्यावर एक ब्लूटूथ स्कॅनर मागवला, तो ईएलएम ३२७ म्हणून मिळतो तसा. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचा आणि मोबाइलवर कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, तापमानाचा आकडा बघायचा. मार्दोळला ५८ अंश, बाणस्तारीच्या पुलावर ६६, आणि पळत्या गाडीत ७२च्या वर एकदाही नाही. पणजीत सिग्नलला थांबलो की ८०, पुन्हा निघालो की खाली. ठीकठाक इंजिन एकदा तापलं की साधारण ८५ ते ९५च्या मध्ये टिकून राहतं. वाऱ्याबरोबर आकडा झोके घेत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असतो, नाहीतर मुळात नसतोच.

नेहमीच्या मेकॅनिकने झाकण खोललं. आत पोकळी. त्याला काहीच नवल वाटलं नाही. "पात्रांव, गोंयांत तो कित्याक जाय? हांगा थंडी खंय आसा?" म्हणजे गोव्यात तो हवा कशाला, इथे थंडी आहे कुठे?

प्रश्न चुकीचा, पण त्याच्या डोक्यात तो कुठून आला ते समजतं. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर इंजिन उकळतं, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, जातं, खर्च हजारोंत. एकदा तसं झालं की तो काढून फेकणं हा सगळ्यात सोपा इलाज वाटतो. पण बाहेर एडमंटन असो नाहीतर फोंडा, इंजिनाला स्वतःच्या पोटात नव्वद अंशांच्या आसपास लागतात. त्याच्या खाली पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, भरपाई म्हणून जास्त पेट्रोल सोडतो, ऑइल दाट राहून ओढ वाढते. थंड देशात हे पहिल्या दहा-पंधरा मिनिटांपुरतं असतं. माझ्या गाडीत तो हिवाळा बाराही महिने चालू होता! आणि काढून टाकल्याने इंजिन हमखास गार राहतं असंही नाही. काही इंजिनांत थर्मोस्टॅट तापल्यावर बायपासची वाट बंद करतो. तो नसला तर गरम पाणी रेडिएटरला टाळून आतल्या आतच फिरतं, आणि भर ट्रॅफिकमध्ये गाडी उलट तापते.

वस्तू एवढीशी. पितळी डबीत मेण, वर स्प्रिंग. मेण तापून फुगलं की दांडी ढकलतं, वॉल्व उघडतो, पाणी रेडिएटरकडे जातं. उघडायचं तापमान कडेवर कोरलेलं असतं. माझ्या थर्मोस्टॅटवर ८२ आहे. दुकानात दोन मिळाले, एक दोनशे ऐंशीचा, एक साडेसहाशेचा. दोन्ही घेतले आणि घरी पातेल्यात उकळले. ही युक्ती जुन्या मेकॅनिकांची. बंद वॉल्वच्या फटीत दोरा अडकवून तो पाण्यात लटकवायचा. वॉल्व उघडला की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट टुणकन तळाला पडतो. बहिणीचा जॅमचा थर्मामीटर पाण्यात, मी गॅसपुढे वाकलेला. आई आत येऊन म्हणाली, "पेज ठेवलीस काय रे?" स्वस्तातला ७४लाच पडला, आणि पाणी निवल्यावर पुरता मिटलाही नाही, नखाएवढी फट राहिली. महागडा ८२-८३ला पडला आणि घट्ट मिटला. त्याच्या जागी अर्धवट मिटणारा बसवला असता तर नसल्यातच जमा. परीक्षा दहा मिनिटांची आहे, बसवण्याआधी जरूर करा. वापरलेलं पातेलं मात्र स्वयंपाकघरात परत नेऊ नका, आमच्याकडे त्यावरून दोन दिवस बोलणी झाली.

नोव्हेंबर २०२४च्या पहिल्या आठवड्यात बसवला. नवा गॅस्केट, लिटरभर कूलंट, मजुरी धरून चौदाशेच्या आत. चार दिवसांनी निळा दिवा फर्मागुडीला गेला, बाणस्तारीला आकडा ८८, आणि पणजीपर्यंत तिथेच.

ॲव्हरेज मी टाकी फुल ते टाकी फुल असं मोजतो, एकाच पंपावर, आणि वहीत लिहितो. डिसेंबर २०२३ला १३.४ होतं, डिसेंबर २०२४ला १५.१. जानेवारी-फेब्रुवारीत १५.२ ते १५.४. एप्रिल-मेमध्ये एसीमुळे १४.३वर आलं, पण आदल्या मे महिन्यात ते १२.९ होतं. महिन्याला चौदाशे किलोमीटर धरले तर दहा लिटर वाचतात. दोन महिन्यांत खर्च वसूल झाला. टायर तेच, एअर फिल्टर ऑगस्टमध्येच बदलला होता, त्यामुळे फरक दुसऱ्या कशाचा असावा असं मला वाटत नाही. चोर्ल्यावरून एकदा जाऊन आलो, निळा दिवा परत पेटला नाही.

ऑइलच्या झाकणाखाली साईसारखा पिवळट थर साचायचा, तोही बंद झाला. गार इंजिनात ओल उडून जात नाही, ती ऑइलमध्ये मिसळते. मला तो हेड गॅस्केटचा आजार वाटून धडकी भरायची.

तक्रारी दोन. बसवल्यावर कूलंटमधली हवा नीट काढली नव्हती, म्हणून पहिले तीन दिवस आकडा ७० ते १००मध्ये उड्या मारत होता. परत जाऊन, झाकण उघडं ठेवून, इंजिन चालू करून बुडबुडे संपेपर्यंत थांबावं लागलं. हे गार इंजिनापासून सुरू करायचं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडून हात पोळून घेतलेले मी दोघेजण पाहिले आहेत. दुसरं, गॅस्केटमधून पंधरा दिवसांनी थेंब गळायला लागले. पुन्हा खोलून बसवलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

शेजारचे काका हे सगळं ऐकून आता रोज सकाळी गाडी चालू करून ठेवतात आणि दारातल्या तुळशीला पाणी घालून, पेपर चाळून मग निघतात. दहा मिनिटं सहज जातात. काका, हे त्यातलं नव्हे! उभी गाडी तासाला अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल खाते आणि इंजिन तापतं तेही रडतखडत. चालू करा, अर्धा मिनिट थांबा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर पाय हलका ठेवून निघा. हे मी त्यांना तीनदा सांगितलं आहे.

फोंड्याच्या बाजाराच्या फेरीला मात्र ह्या थर्मोस्टॅटचा काही उपयोग नाही. तीन किलोमीटर जायचं, मासळी घ्यायची, तीन किलोमीटर यायचं. इंजिन तापेस्तोवर बाजार आलेला असतो, आणि त्या फेरीचं ॲव्हरेज आजही अकराच्या आसपास आहे. तिथे मी स्कूटर काढतो. सध्या पाऊस आहे, म्हणून गाडीच.