सकाळी सहाची बॅच ठीक, संध्याकाळी नको रे बाबा

लालबागला घराजवळच ही जिम आहे, दसऱ्याला म्हणजे 25 ऑक्टोबर 2020 ला सरकारने कोरोनामुळे बंद असलेल्या जिम उघडायला परवानगी दिली तेव्हापासून जातोय, आता नोव्हेंबर 2020, महिना होत आला. मार्चात वर्षाची फी भरली आणि आठवड्यात शटर डाऊन, ते बुडालेले सात महिने पुढे वाढवून दिले, हे मात्र मान्य करायला पाहिजे (अर्थात दोनदा भांडल्यावर).

आता मेन मुद्दा, कोरोनाच्या बाबतीत सेफ वाटतं का? दारात एकदम कडक बंदोबस्त. कपाळावर टेम्परेचरची बंदूक, बोटाला ऑक्सिमीटर, ऑक्सिजन 95 च्या खाली असला तर घरी जा. परवा माझं टेम्परेचर 32 आलं, म्हटलं दादा मी जिवंत आहे ना, तर म्हणे चालेल चालेल, जा आत!

आत गेलं की मग खरी गंमत. प्रत्येक बेंचजवळ स्प्रेची बाटली आहे पण पुसायला फडकं एकच, तेच सगळीकडे फिरतं, संध्याकाळपर्यंत ते इतकं ओलं झालेलं असतं की बेंच पुसताय का घाम सारवताय कळत नाही. ट्रेनर मास्क लावतो, पण काउंट ओरडताना हनुवटीवर. आणि एसी 24 ते 30 वर ठेवा, बाहेरची हवा आत येऊ द्या असं 2020 च्या कोरोना नियमात लिहिलंय, तो कागद भिंतीवर चिकटवलाय पण संध्याकाळी खिडक्या बंद आणि एसी 18 वर, का तर लोकांना गरम होतं. अरे जिममध्ये गरम होणारच ना! पंधरावीस जण जोरजोरात धापा टाकतायत आणि हवा तीच तीच फिरतेय, मला हँडलला हात लावायची एवढी भीती नाही वाटत जेवढी याची वाटते. घरी आई सत्तरीची, शुगरवाली, त्यामुळे संध्याकाळी दोनच दिवस गेलो आणि बंद केलं.

सकाळी सहाला पाच-सहा जणच असतात, झाडूवाल्या मावशी स्वतःच चारही खिडक्या सताड उघडतात, एसी बंद. तेव्हा बिनधास्त वाटतं. शॉवर, स्टीम बंदच आहे, घामट टीशर्टातच घरी या.

तीन स्टार. खिडकीजवळची सायकल पाहिजे असेल तर सहाच्या ठोक्याला जा, सहा दहाला एक काका येऊन बसतात ते सातपर्यंत उठत नाहीत.